बोट लावण्यापुरता भात

बातू कावा, कुचिंग
७ जून

मुजाहदादा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. यात माझं मत नाही.

१. गावायच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एंदिया लांबघरासमोरच्या धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

२. त्याआधी ओसरीवर दारोदारी तिच्यापुढे ताट आलं होतं. भात, बांबूतला चिकट भात, केक, तांदळाची तुआक दारू. प्रत्येक दारापुढे तिच्या वतीने मी नाही म्हटलं. तिला ताटाला बोटही लावू दिलं नाही.

३. ती पडल्यावर पहिला शब्द आईच्या तोंडून निघाला. "पुनी!" मग सगळ्यांच्या. समोर आलेल्या अन्नाला हात न लावता निघालं की वाटेत घात होतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

४. तू सगळ्यांदेखत मला म्हणालास, "डॉक्टरांनी माझ्या पोरीला जगवलं, आणि तू तिला उपाशी मारतेस."

५. मी उत्तर दिलं.

६. तू त्याच दुपारी नदीने खाली सॉन्गला गेलास आणि तिथून जोहोरला, कामावर. माझा नंबर ब्लॉक केलास.

७. जाण्याआधी तू डॉ. टेओंना फोन केलास. भात बंद असलेला हा आहार चालू ठेवायचा की बंद करायचा ते ऑगस्टच्या तपासणीला तू ठरवशील, तोपर्यंत चालू द्या, असं सांगितलंस. बाप तू आहेस. शब्द तुझाच चालतो.

पाचव्या कलमात मी काय म्हणाले ते लिहीत नाही. तू ऐकलं आहेस.

आता माझं मत. एंदियाला समोरचं नीट दिसतं, कडांचं दिसत नाही. मेंदूतली गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबून बसली होती. गाठ गेली, पण कडांची नजर परत आली नाही. दोन्ही तळहात कानशिलांशी उभे धर आणि एखादा जिना उतरून बघ, म्हणजे कळेल. त्या सकाळी घरप्रमुखांचा कुत्रा डावीकडून आला. तो आहे हे तिला तो पायात आल्यावर कळलं.

पुनीची चाचणी माझ्या प्रयोगशाळेत होत नाही. म्हणून ती लागलीच नाही, असं मी लिहीत नाही. मला दिसलेला कुत्रा तेवढा लिहिते.

हाड जागेवर बसवलं आहे. प्लास्टर डाव्या हाताला आहे आणि ती उजव्या हाताने लिहिते, म्हणजे शाळा बुडवायला निमित्त उरलं नाही, याबद्दल ती नाराज आहे. प्लास्टरवर तिने तुझं नाव लिहिलंय. तुझ्या अक्षरात, तो 'म' असा वाकडा काढून. मी विचारलं तर म्हणाली, "बाबांची सही हवी होती. ते गेले. मग मीच केली."

जिम्बुन सोमवारी तिकडे कामावर परत येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. चुलतभाऊ असल्याचा एवढा तरी उपयोग. फोन ब्लॉक करता येतो, कागद येत नाही.

रिन्या


बातू कावा
२८ जून

दादा,

उत्तर आलं नाही. जिम्बुन म्हणतो, तू पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "हिला भांडतानासुद्धा आकडे घालावे लागतात." बरं. या वेळी आकडे घालत नाही.

आई अजून इथेच आहे. मी ओसरीवर जे बोलले ते ती मला रोज ऐकवते. आज भांडी घासताना सुरू झाली. "'वर्षातून एकदा येतोस आणि ताट वाढून जातोस. बाप आहेस की वाढपी?' असं बोलतात मोठ्या भावाला? तेही पाहुण्यांसमोर, सणाच्या दिवशी? प्रयोगशाळेत बसून बसून तू बाटली झाली आहेस, बाटली! एरवी झाकण घट्ट, आणि उघडलीस की ॲसिड."

"आई, माझ्या कामात ॲसिड नसतं. मी रक्त तपासते."

"तेच ते," आई म्हणाली.

डॉ. टेओंनी जानेवारीत हा आहार सुरू करताना जे समजावलं ते तू अर्धंच ऐकलंस. तुझा दोष नाही, तू रात्रपाळी संपवून तसाच विमानात बसला होतास आणि खुर्चीत डुलक्या घेत होतास. म्हणून पुन्हा लिहिते.

तुझं-माझं जेवण झालं की आतून कुणीतरी "पुरे" म्हणतं. ते म्हणणारा भाग मेंदूच्या तळाशी असतो, आणि एंदियाची गाठ नेमकी तिथेच होती. गाठ काढली, पोर वाचली, तो भाग मात्र दुखावला. तिला ते "पुरे" ऐकूच येत नाही. शिवाय तिचं शरीर खाल्लेलं खर्च करण्याऐवजी साठवून ठेवतं. त्यामुळे तिच्या वर्गातल्या मुली जेवढं खाऊन काडीसारख्या राहतात, तेवढंच खाऊनही तिचं वजन चढत जातं. ती अधाशी नाही आणि आळशीही नाही. "कमी खा, पळ जरा" हे आपण तीन वर्षं करून पाहिलं. फ्रिजला मी कुलूप लावलं होतं. तिने कुलपाला हात लावला नाही, दाराच्या बिजागरीचे स्क्रू काढले आणि नंतर पुन्हा व्यवस्थित बसवले. ही अक्कल आपल्या घरात फक्त तुझ्याकडे आहे.

कीटो आहार म्हणजे भात, साखर, पिठं, कंदमुळं जवळजवळ बंद. चरबी भरपूर, मांस आणि अंडी मापात. मग शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागतं, त्याची खूण म्हणून रक्तात कीटोन दिसू लागतात, आणि काही मुलांची भूक थोडी खाली बसते. "काही" आणि "थोडी" हे दोन्ही शब्द डॉ. टेओंचे आहेत. अशा मुलांवर हा आहार फार कमी ठिकाणी करून पाहिलाय, पुरावा तुटपुंजा आहे, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून तर ते रक्त, मूत्रपिंड, सगळं पुन्हा पुन्हा तपासतात. हा चमत्कार असता तर तुला पटवायला मला पत्रं लिहावी लागली नसती.

पहिले तीन महिने कीटोन ठीक होते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, यंत्र आकडा दाखवतं. एंदिया स्वतः टोचून घेते, मला करू देत नाही. म्हणते, "तुझा चेहरा सुईपेक्षा टोचतो."

एप्रिलमध्ये आई आली. येताना तिने एंगकाबांगच्या बियांची चरबी आणली, बांबूच्या नळीत भरलेली, जुन्या मोसमातली. लहानपणी गरम भातावर ती वितळताना आपण दोघं कसे ताटावर वाकून बघत बसायचो ते तुला आठवत असेल. तू तुझ्या ताटातला चरबी लागलेला भात मला ढकलायचास आणि स्वतः कोरडा खायचास. त्यावर मी तेव्हा काही बोलले नव्हते. आताही बोलत नाही.

डॉ. टेओंना विचारून ती चरबी एंदियाच्या जेवणात धरली. अंड्यावर घालून ती खाते, रानातल्या मिडिनच्या कोंबांवर घालून खाते. आईला फार आनंद झाला. "बघ, तुझ्या डॉक्टरला आपलं जुनंच खाणं सापडलं." मी म्हटलं, त्यात भात नव्हता असं कधी झालं होतं का? ती म्हणाली, "भाताचं नाव काढू नकोस, पोर ऐकेल."

आणि मग कीटोन घसरायला लागले. मी यंत्र तपासलं. पट्ट्या बदलल्या. प्रयोगशाळेत नमुना लावून पाहिला. तेलाच्या बाटल्यांवरची लेबलं वाचली. जे समोर होतं ते सोडून सगळं तपासलं.

एका संध्याकाळी कामावरून लवकर आले. आई जेवत होती, एंदिया तिच्यासमोर बसली होती. आईने आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"लाव गं बोट. नाहीतर उद्या शाळेच्या वाटेवर काहीतरी व्हायचं."

एंदियाने भाताला बोट लावलं आणि चाटलं. मग दुसरं बोट. मग तिसरं.

"पाचही लाव," आई म्हणाली. "एका हाताची लेकरं, त्यांच्यात भेदभाव नको."

मी म्हटलं, "आई, हे काय चाललंय?"

"पुनी."

"ही पुनी नाही. हे जेवण आहे."

"बोट लावते फक्त. केवढंसं ते पोरीचं बोट!"

"आई, तिने आत्ता मूठ भरली."

"अगं, मूठ म्हणजे काय, मिटलेली बोटंच."

एंदियाच्या गालाला भाताचं शीत चिकटलं होतं. ती म्हणाली, "आत्या, मी आजीला फसवत नाहीये हं. मी पुनीला फसवतेय."

मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय. पण तेव्हा मी एवढंच पाहिलं की सुरुवात बोटाच्या टोकापासून झाली आणि गाडी मुठीपर्यंत आली, मध्ये कुठे दार नव्हतं. ज्या पोरीला "पुरे" ऐकू येत नाही तिला "फक्त एक बोट" म्हणणं म्हणजे उतारावर ठेवलेल्या होडीला फक्त एक बोट लावणं. म्हणून गावायला मी बोटच बंद केलं.

तुला त्यात उपाशी मारणं दिसलं. मी का केलं ते तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

रिन्या


बातू कावा
१९ जुलै

दादा,

प्लास्टर निघालं. मनगट सरळ आहे. तिने ते प्लास्टर टाकू दिलं नाही. वास येतो म्हणून आईने ते बाल्कनीत ठेवलंय.

दोन गोष्टी घडल्या, दोन्ही तुझ्याशी संबंधित आहेत.

पहिली. गावायहून आल्यापासून आई जेवायला बसली की रडकुंडीला यायची. पोरीपुढे ताट करता येत नाही आणि ताट न करता घास उतरत नाही. ती स्वयंपाकघराचं दार लावून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. एंदियाला ते सहन होईना. एका रविवारी सकाळी चर्चला निघताना ती दारातच थांबली.

"आजी, एक विचारू? नियम जिभेचा आहे की हाताचा?"

"कसला नियम?"

"पुनीचा. हात लावायचा असतो की चाखायचं असतं?"

आई चपला पायात घालता घालता थांबली. "आपल्यात चाखतात."

"सगळ्यांच्यात?"

"माझ्या आजोळी नाही. वरच्या अंगाला, नदीच्या उगमाकडे. ते लोक अन्नाला बोट लावायचे आणि ते बोट गळ्याला टेकवायचे. झालं. तेवढ्यावर निघायचे."

"आणि त्यांना पुनी लागायची?"

"लागली असती तर माझी आई जन्मली असती का?"

"मग आपण का चाटतो?"

आईने जरा विचार केला. "अन्न चांगलं असायचं म्हणून."

"म्हणजे नियम हाताचा."

"नियम हाताचा," आई म्हणाली. "जीभ ही आपली हौस."

एंदिया माझ्याकडे वळली. "ऐकलंस? तू इतके दिवस आजीची हौस मोजत होतीस."

चर्चमधून आल्यावर आई ताट घेऊन टेबलाशी बसली, दार उघडं ठेवून. एंदियाने भाताला एक बोट लावलं, गळ्याला टेकवलं, उठली आणि हात धुऊन आली. मी तिच्या हातांकडे बघत होते, नाकारत नाही. तिच्या गळ्याची शीर उडत होती. परत येऊन तिने आपलं अंडं खाल्लं. आई मात्र पोटभर जेवली.

आता ती सगळीकडे तसंच करते. शाळेत, शेजारी, वाढदिवसाला. मुलींनी विचारलं तर सांगते, "आमच्या आजीच्या आजोळची पद्धत आहे." कीटोन परत जागेवर आले आहेत.

मीही लावते. प्रयोगशाळेत कुणी काही खायला आणलं की आधी मी नुसतं नको म्हणत असे. आता बोट लावते. यातून काही अर्थ काढू नकोस.

दुसरी गोष्ट. तुझा डबा पोचला.

सोबत चिठ्ठी नव्हती, पण अननसाच्या गराची ती बिस्किटं आणखी कोण पाठवणार? एंदिया लहान असताना दर खेपेला तू तीच आणायचास. डबा आला तेव्हा मी घरी होते. मला तुझा इतका राग आला की मी भांडी पुसायला घेतली, जी पुसलेलीच होती. आई म्हणाली, "लपव." मी म्हटलं, "तिच्या नावाने आलाय." आणि तो टेबलावर ठेवला.

ती शाळेतून आली. डबा पाहिला. दप्तर न काढता खुर्चीत बसली. झाकण उघडलं, एक बिस्कीट हातात घेतलं, वास घेतला. आई आणि मी दोघी बघत उभ्या होतो. आई ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती. कुणाची ते मला माहीत नाही, आपल्याकडे चर्चच्या आणि पूर्वजांच्या, दोन्ही प्रकारच्या आहेत. मी ते बिस्कीट हिसकावून घेऊ शकले असते, पण घेतलं नाही.

बराच वेळ गेला. मग तिने ते परत डब्यात ठेवलं, बोट गळ्याला टेकवलं आणि म्हणाली, "बाबांचं झालं."

मग म्हणाली, "आता हा डबा पटकन कुणालातरी द्या." आई अक्षरशः पळत खालच्या मजल्यावर गेली.

इथे थांबले तर तुला वाटेल सगळं छान चाललंय, आणि तो अहवाल खोटा होईल. म्हणून पुढचंही लिहिते. त्या संध्याकाळी ती माझ्यावर, आईवर आणि अंड्यांवर ओरडली. "अंडं! अंडं! मी काय साप आहे?" मग रडली. दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या उपाहारगृहात मैत्रिणीची तळलेली केळी खाल्ली, आणि घरी आल्यावर यंत्राने सांगण्याआधी स्वतःच सांगितलं. दोन दिवस आकडा खाली होता. मग परत आला. असं होतं आणि पुढेही होईल. तिला भूक लागतेच. फक्त आधी भूक तिच्या डोक्यावर बसलेली असायची, आता शेजारी बसते.

वजन उतरलं का, असं तू जिम्बुनला विचारलंस. फारसं नाही. पण गेली चार वर्षं चढतच असलेली रेघ जानेवारीपासून आडवी झाली आहे. कागदावर ती कंटाळवाणी दिसते. मी ती कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

आणि हे. गेल्या आठवड्यात ती शाळेतून आली, चेहरा असा की मला वाटलं पुन्हा काहीतरी खाऊन आली.

"आत्या, आज एक विचित्र गोष्ट झाली."

"काय खाल्लंस?"

"काही नाही गं! ऐक ना. गणिताच्या तासाला मी पूर्ण तासभर गणिताचाच विचार केला."

तू तिथे असतास तर बरं झालं असतं.

मिरी शहरात मोठ्या पदावर बदली मिळत होती, ती मी घेतली नाही. त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. आईने तुला आधी सांगू नये म्हणून मी सांगते.

रिन्या


बातू कावा
२ ऑगस्ट

दादा,

हे पत्र वाचायला घेण्याआधी एक सांगते, एंदिया आता बरी आहे.

गेल्या शनिवारी तिला ताप आला आणि उलट्या सुरू झाल्या. तुला माहीत आहे, गाठीबरोबर तिच्या शरीराची ती आणीबाणीची यंत्रणाही गेली. आजारात आपलं शरीर आपोआप जे संप्रेरक जास्त तयार करतं ते तिला बाहेरून द्यावं लागतं. गोळी पोटात टिकत नसेल तर सुई, आणि लगेच दवाखाना. मी कामावर होते. घरी आई.

तुझ्या आईने सुई टोचली. हो, आपल्या आईने. मेमध्ये मी तिला शिकवलं होतं. तिने आठवडाभर पपईवर सराव केला. त्या पपया नंतर कुणीच खाल्ल्या नाहीत. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती खाटेशेजारी छाती पुढे काढून बसली होती. "आधी तुला फोन नाही केला. आधी टोचली, मग गाडी बोलावली, मग फोन. तू सांगितलं होतंस त्याच क्रमाने. डुकराला टोचण्यापेक्षा सोपं गेलं, डुक्कर हलतं."

डॉ. टेओंनी आहार दोन दिवस थांबवला, सलाईनमधून साखर दिली आणि सगळं स्थिर झाल्यावर पुन्हा सुरू केला. हा आहार करणारी मुलं आजारी पडली की जास्त जपावं लागतं. हे मी लपवत नाही. निर्णय घेताना तू हेही धर.

काल जिम्बुनचा फोन आला. तो फार वेळ हवामानावर बोलला, म्हणजे तू शेजारी उभा होतास. मग म्हणाला, "मुजाह विचारतोय, पोरगी त्याच्यावर रागावलीय का?"

मी फोन एंदियाच्या हातात दिला. ती काय म्हणाली ते तू ऐकलं असशील. "हो म्हणावं." आणि फोन परत दिला. जिम्बुनने घाईघाईने ठेवला. त्याने ठेवायला नको होता, कारण वाक्य अर्धं राहिलं. उरलेलं मी नंतर विचारून घेतलं. तिचेच शब्द लिहिते, मधे माझा एकही नाही.

"गावायला बाबा जेवले नाहीत. सगळ्यांना वाटलं ते तुआक पिऊन सुस्त झालेत. मला दिसत होतं. मला समोरचंच दिसतं ना, आणि ते समोरच बसले होते. त्यांनी भात चिवडला आणि ताट सरकवलं, कारण मला खाता येत नव्हतं. आदल्या रात्रीही, त्या सकाळीही. आत्या, मला एकटीची भूक सांभाळता येते. त्या दिवशी मला दोघांची लागली. मी पायरी उतरत होते तेव्हा कुत्राबित्रा काही नव्हतं माझ्या डोक्यात, बाबांचं ताट होतं."

मी विचारलं, मग त्यांनी काय करायला हवं होतं?

"पोटभर जेवायचं! माझ्यासमोर. पुन्हा वाढून घ्यायचं. आजी कशी जेवते आता, बोटं चाटून! मी हात लावीन आणि जाईन. ते उपाशी राहिले तर मी कशाला हात लावू?"



दादा, तू कसा आहेस ते मला माहीत आहे. तिची आई गेली तेव्हा एंदिया तीन वर्षांची होती, आणि तू तिला मांडीवर घेऊन भात भरवायचास, एक घास तिच्या तोंडात, पुढचा हातात धरून वाट बघत. ऑपरेशननंतर तिने पहिला घास मागितला तेव्हा तू दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलास. मी खालच्या पायरीवर होते. भात हा तुझा तिच्याशी बोलायचा मार्ग आहे. तो मी बंद केला असं तुला वाटलं. मी तुला वाढपी म्हटलं. तो शब्द आई रोज घासून चकचकीत करते, त्यामुळे मला विसरायची सोय नाही.

आता निर्णयाचं. तपासणी २० ऑगस्टला आहे. डॉ. टेओंचं मत आहे की आहार आणखी सहा महिने चालवून बघावा, कारण मूत्रपिंड आणि रक्त ठीक आहे, भूक खाली आहे, रेघ आडवी आहे. पुढचं वचन ते देत नाहीत. तू बंद म्हणालास तर ते बंद करतील, हळूहळू, आणि मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. आईने जोहोरचंही सांगितलं, की तू एंदियाला तिकडे न्यायचं म्हणतोस. ने. पण मग आधी इथे येऊन सुई टोचायला शीक. पपई मी आणीन. ते शिकल्याशिवाय मी तिला कुणाच्याच स्वाधीन करणार नाही, तुझ्यासुद्धा.

चालू ठेवावा असं मला वाटतं. ही माझी इच्छा आहे, निष्कर्ष नाही. एंदियालाही तेच हवंय. ती म्हणते, "अजून थोडं गणित करून बघते."

तू चालू म्हण किंवा बंद म्हण, एका जेवणापुरता तरी ये. आई भात लावेल. तू तिच्यासमोर बस, पोट भरेपर्यंत जेव, आणि तिच्याकडे बघून घास खाली ठेवू नकोस. ते अवघड जाईल. मी टेबलाच्या तुझ्या बाजूला बसेन.

आहार चालू की बंद, आणि तू येणार की नाही, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर १५ ऑगस्टपर्यंत दे. माझा नंबर उघडायचा नसेल तर जिम्बुनच्या फोनवरून दिलंस तरी चालेल.

रिन्या